कोपऱ्यातला तुकडा

कुंदे, मला तुझा संशय आहे. गेलीस म्हणून सोडून देईन असं समजू नकोस.

सुरुवात कावळ्यापासून करते. दहाव्याला नदीवर आम्ही सगळे उभे होतो. तुझा नवरा मोहन, पुण्याहून आलेली तुझी लेक ऋचा, कात्रपच्या तुझ्या बिल्डिंगमधल्या बायका आणि मी. गुरुजींनी पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरकले, आणि लगेच कावळा आला. शिवला, चोच भरून घेतली, गेलासुद्धा. बायका म्हणाल्या, "पुण्यवान हो बाई, काही म्हणजे काही मागे राहिलं नाही." मोहन तोंडावर रुमाल धरून रडला. मला रडूच येईना. काही राहिलं नाही? जिच्या पोरीचं लग्न व्हायचंय, जिची माझ्याबरोबरची निम्मी भांडणं अर्धवट पडलीत, तिचं काहीच राहिलं नाही? कावळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही हे तुला माहीत आहे. पण तुझ्यावर त्याहून नाही. आपण जाणार हे ज्याला माहीत नसतं त्याचं काहीतरी राहतंच. तुझं राहिलं नाही, म्हणजे तू गुपचूप आवराआवर केली होतीस.

मला एवढंच कळायला हवं होतं. तुला माहीत होतं का? कारण नसेल माहीत, तर ते माझ्यामुळे. मी तुला "पाहुणाच आहे गं" म्हणत राहिले, तू विश्वास ठेवलास, आणि पोरीशी, नवऱ्याशी, माझ्याशी जे बोलायचं ते न बोलता गेलीस. दहाव्यापासून हे माझ्या घशात अडकलं होतं. जेवण उतरत नव्हतं.

आपल्या दोघींचं आयुष्य उल्हासनगरात गेलं, कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आपल्या लॅबमध्ये यायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून रोग कुठला ते आपण सांगायचो. खालची मशीनं एकदम सुरू झाली की आपलं काप काढायचं यंत्र, मायक्रोटोम, थरथरायचं, कापलेली मेणाची पट्टी फाटायची, आणि तू जिन्यात जाऊन ओरडायचीस, "सेठ, पाँच मिनट बंद करो, इधर किसीका दिमाग कट रहा है!" शेठ बिचारा हात जोडून पंखासुद्धा बंद करायचा.

संशयी म्हणून तुझी ख्याती होती. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय बिस्कीट खायची नाहीस. दूधवाल्याचं दूध, रिक्षावाल्याचे सुटे, माझं वजन, सगळ्यावर संशय. मी काही कमी नव्हते. आपल्या टेक्निशियनने, मोरिवलीच्या दशरथने, एकदा हात टेकले होते, "दोघी मॅडम एकमेकींच्या डब्यातली भाजीपन तपासून खातात." खोटं नव्हतं ते.

पण आपल्या धंद्यात संशयाला एक रीत होती आणि ती तू लावलीस. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, दशरथने त्याचे पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर पसरायचे आणि काचेवर उचलून घ्यायचे. दोन पेशंटच्या मध्ये पाण्यावरून कागद फिरवायचा. तो फिरवायला विसरलं की आधीच्या पेशंटचा एखादा कण पाण्यावर राहतो आणि पुढच्याच्या काचेवर चढून बसतो. सगळीकडे त्याला फ्लोटर म्हणतात, आपण पाहुणा म्हणायचो. "पाहुणा आलाय गं," तू म्हणायचीस, "चहा पिऊन जाईल." आणि मी कधी कंटाळून नको असलेल्या तुकड्याला पाहुणा म्हटलं, की खेकसायचीस. "तुला आवडला नाही म्हणून तो पाहुणा होत नाही, वैजू. सोयीचा संशय घ्यायचा नाही. ठोकळा खोल काप. पाहुणा असेल तर खाली सापडणार नाही. घरचा असेल तर खालीही असेल." पंचवीसेक वर्षं हे ऐकलंय मी. पाठ झालंय.

मेंदूचं काही आलं की तू खूश. मणक्याजवळच्या गाठीवरून आपण किती भांडलोय! ती वांगणीकडच्या पाड्यावरची बाई आठवते? पाय ओढत आली होती. तिच्या गाठीत पेशी गोल गोल भोवऱ्यात फिरत होत्या, मध्ये वाळूसारखे कण. मी म्हटलं, मेंदूच्या आवरणाची गाठ, मेनिंजिओमा, उघड आहे. तुला मात्र एका बाजूला पेशी शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या दिसत होत्या, म्हणून नसेच्या आवरणातली, श्वानोमा. दोन दिवस आपण एकमेकींच्या डब्याला हात लावला नाही. खास रंग देऊन बघितलं तेव्हा मी बरोबर निघाले, आणि तू काय म्हणालीस? "रंगाच्या बाटलीची तारीख बघू." कर्म माझं! गाठ साधी होती, बाई चालत घरी गेली, आणि पुढे आपल्याला पिशवीभर करवंदं घेऊन आली. तीही तू धुऊन, उजेडात धरून खाल्लीस.

मग तू शब्द विसरायला लागलीस. इओसिनला, आपल्या रोजच्या रंगाला, एके दिवशी "ते आपलं हे, गुलाबी" म्हणालीस. डोकं दुखतंय म्हणून तू गोळ्या खात होतीस हे दशरथने सांगितलं, तू नाही सांगितलंस. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली, मुंबईत ऑपरेशन झालं, आणि डोक्याला स्कार्फ बांधून परत आलीस तेव्हा तिथल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, हाय ग्रेड. वाईटातलं वाईट. मोहनने फाईल माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तू म्हणालीस, "त्यांचं राहू दे. माझा ठोकळा नि स्लाइड मागवून घेतलेत. आपण बघू."

आपला नियम होता, घरच्यांची स्लाइड आपण बघायची नाही. माझ्या आईच्या वेळी तू मला खोलीबाहेर काढलं होतंस. मी आठवण करून दिली तर म्हणालीस, "आता मला नियम शिकवणार? बस."

त्या सकाळचं एकेक आता आठवतंय आणि एकेकाचा संशय येतोय. आपला दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप, एका बाजूला तू, एका बाजूला मी. इतकी वर्षं स्लाइड तू सरकवायचीस, भिंगात दिसणारा हिरवा बाण तू फिरवायचीस, मला हात लावू द्यायची नाहीस. त्या दिवशी म्हणालीस, "आज तू चालव." नवी स्लाइड हातात आली की आपण आधी उजेडात धरून बघतो, टिश्यू कुठे आहे, कसं आहे. तू धरलीच नाहीस. थेट लावलीस, तीही अशी की तिचा एक कोपरा अगदी शेवटी यावा. मला हे तेव्हा दिसलं होतं गं. मी म्हटलं, हात थरथरतोय बिचारीचा.

स्लाइडचा मोठा भाग पाहून माझा जीव भांड्यात पडला. गोल गोल पेशी, प्रत्येकीभोवती पांढरं कडं, आपण ज्याला हाफ-फ्राय म्हणतो तशा. मध्ये बारीक रक्तवाहिन्यांची, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी जाळी. हे असं असलं तर माणसं वर्षानुवर्षं काढतात. मी नाचायचीच बाकी होते. मग कोपरा आला. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, बाकीच्यापासून सुटा. मधोमध मेलेली फिकट जागा, तिच्या कडेला काळपट पेशींनी केलेली गर्दी, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन एकमेकींवर चढलेल्या. तो प्रकार कुणासाठी थांबत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या नावाच्या काचेवर असता तर आपल्याला बोलायचीही गरज पडली नसती.

माझा हात थांबला. मी बाणसुद्धा नेला नाही तिथे. तूच बोललीस. "हा माझा नाही. पाहुणा आहे. त्यांच्याकडे कुणीतरी कागद फिरवला नाही. आणि एवढ्या एका कोपऱ्यावर अख्खा रिपोर्ट उभा केलाय शहाण्यांनी."

आणि मी म्हटलं, "हो गं. पाहुणाच."

इतक्या झटकन म्हटलं की मलाच लाज वाटली. तू भिंगातून डोळे काढले नाहीस. "नक्की ना?" म्हणालीस. मी म्हटलं, "नक्की. चहा पिऊन जाईल." तू हसलीस. दशरथ तेवढ्यात उठून बाहेर गेला. त्याचाही मला राग आला होता, एवढी आनंदाची गोष्ट आणि हा निघाला कुठे!

ट्रीटमेंट काही थांबली नाही. "मोहनच्या समाधानासाठी" म्हणत तू रेडिएशनला जात राहिलीस, गोळ्या घेत राहिलीस. मग गाठीच्या जनुकांचा, जीनचा रिपोर्ट आला. मोहनने पुढे केला तर म्हणालीस, "ठेव तिकडे, मला चष्मा नाही." चष्मा नाकावर होता! बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचणारी बाई स्वतःचा रिपोर्ट वाचत नाही? संशय यावा की नाही माणसाला?

मला राहवेना. एकदा तू रेडिएशनला गेलीस तेव्हा मी तुझा ठोकळा काढला आणि दशरथला म्हटलं, खोल काप. तूच शिकवलेली रीत. तो माझ्याकडे बघत राहिला. ठोकळ्याचं तोंड अगदी नितळ होतं, नुकतं मेण लावल्यासारखं. मी दशरथवर ओरडलेसुद्धा, कुणी हात लावला याला म्हणून. तो म्हणाला, "असंच आलंय मॅडम." कापलं, रंगवलं, मी एकटीने बघितलं. तुकडा तिथेच होता. मोठा झाला होता. आणि आता सुटा नव्हता, हाफ-फ्रायच्या पेशींना एका बाजूने सरळ जोडलेला होता. घरचा होता.

ती स्लाइड मी चष्म्याच्या डबीत घालून अंबरनाथला माझ्या घरी नेली, आणि तुला कळू दिलं नाही. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. तुझ्या तोंडावर कसं सांगायचं होतं मी? कुणाच्याही तोंडावर सांगितलं असतं, तुझ्या नाही.

मग आपला तो नेम सुरू झाला. मी कात्रपला यायचे, मोहन चहा टाकायचा, तू सोफ्यावर उशीला टेकून, आणि कप हातात आला की विचारायचीस, "पाहुणाच ना गं?" मी म्हणायचे, "पाहुणाच. चहा पिऊन जाईल." दर वेळी. तू समाधानाने फुर्र करून घोट घ्यायचीस. मोहन कपबश्या उचलताना माझ्याकडे बघायचा. ह्याला माहीत आहे का, ह्याने तुला काही सांगितलंय का, तू माझी परीक्षा घेतेयस का, हेच डोक्यात घेऊन मी जिना उतरायचे.

बाकी तुझी लक्षणं ठीक नव्हती. ऋचाला व्हिडिओ कॉलवर माशाचं कालवण शिकवत होतीस, जिने किचनमध्ये पाय ठेवला की तू तिला हाकलायचीस. माझ्या हातात लॅबच्या कपाटाच्या चाव्या दिल्यास, "वजन होतं पर्समध्ये" म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू माझ्याशी भांडणात हरलीस. एक अवघड केस घेऊन मी घरी आले होते. काही मोजक्या पेशी, साध्या सुजेने चिडलेल्या की गाठीच्या, कळत नव्हतं. मी म्हटलं सूज. तू फोटो बघितलेस आणि म्हणालीस, "असेल बाई. तू म्हणतेस तसं असेल." कुंदे, घरी येऊन मी जेवले नाही. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

शेवटचं हॉस्पिटलमधलं. शब्द सगळे गेले होते तुझे. डोळे मात्र तेच, चोर पकडायला बसल्यासारखे. मी हात धरला, तर तू तो सोडवून घेतलास आणि हवेत कप धरल्यासारखी बोटं करून ओठांकडे नेलीस. नर्स धावली, "आजींना चहा नाही द्यायचा हां." आजी म्हणाली तुला, ऐकलंस का? मला कळलं होतं तू काय विचारतेयस. मी कानाशी वाकून म्हटलं, "पाहुणाच गं. चहा पिऊन जाईल." तू माझ्या गालावर हात ठेवलास. थोपटलंस. मी म्हटलं, विश्वास बसला हिचा. आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला डोकं टेकलं. शेवटपर्यंत फसवलं मी तुला, असं वाटलं.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं उरकून मी सरळ लॅबवर आले. दशरथ पाण्याचं भांडं घासत होता. मला बघितल्याबरोबर तो उठून जायला लागला. नेहमीचंच, कोपऱ्याचा विषय आला की हा उठतो. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "दशरथ, मॅडमना माहीत होतं का? खरं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." कसलं येऊ नकोस, त्याच्याशिवाय लॅब उघडायची नाही, त्यालाही माहीत आहे.

तो पाणी ओतत राहिला. मग म्हणाला, "सांगनार नव्हतो मॅडम. शपथ घातलेली त्यांनी. पन आता त्याच नाय."

ठोकळा आला त्या सकाळी तू सगळ्यांच्या आधी आली होतीस म्हणे. दशरथला सांगितलंस, खोल काप. तुझा ठोकळा, तुझीच रीत. त्याने कापला, रंगवला, तू एकटी बसून बघितलास. टपरीवरून कटिंग चहा मागवलास, पूर्ण प्यायलीस. मग खोल कापाची स्लाइड त्याच्या हातात देऊन म्हणालीस, "ही ठेव आत. वैजू येईल, मी पाहुणा आहे म्हणेन, ती हो म्हणेल. तू मध्ये तोंड घालू नको. मला सांगायची पाळी तिच्यावर यायला नको. नाही झेपायचं तिला."

मी स्टुलावर बसले. म्हटलं, "आणि मी कापायला दिला, तेव्हा?"

"त्या दिवशी संध्याकाळी फोन केला मी त्यांना. बोललो, मॅडमनीपन कापून बघितलं. तर हसल्या. बोलल्या, कापलंच ना तिनं? संशयी मेली. बोलू नको तिला, मला कळलंय म्हनून."

अगं बाई! म्हणजे ते सगळे चहा? कात्रपच्या सोफ्यावर कप हातात घेऊन "पाहुणाच ना गं" विचारत होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. माझी वळलेली बोबडी बघत फुर्र करून चहा पीत होतीस? आणि हॉस्पिटलमध्ये गाल थोपटलास तो कशासाठी, हे आता लक्षात येतंय. मला वाटलं मी तुला धीर देतेय. धीर तू देत होतीस, नालायके, मरताना.

रडले मी. दशरथसमोरच, मोठ्याने, खालच्या मशीनच्या आवाजावर. त्याने पाणी दिलं आणि बाहेर गेला, या वेळी मला राग नाही आला. घशातलं ते सुटलं. तू ऋचाला कालवण शिकवलंस ते जाणूनबुजून शिकवलंस, मोहनशी काय बोलायचं ते बोलली असशील. तुझं काही राहिलं नाही, कावळा बरोबर होता. राहिलं ते माझं. इतके महिने आपण एकमेकींसमोर बसून खोटं बोललो, आणि एकदाही तुझ्या गळ्यात पडून मला रडता आलं नाही. तेवढं तू हिरावून घेतलंस माझ्याकडून, आणि हे भांडण मी मिटवणार नाही. तरी तू मला ते वाक्य तुझ्या तोंडावर म्हणायला लावलं नाहीस, यासाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे. दोन्ही खरं आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, एक काहीतरी ठरव.

आज सकाळी दशरथने ड्रॉवरमधून तुझी स्लाइड काढून दिली. मी चष्म्याच्या डबीतून माझी काढली. दोन्ही उजेडात धरल्या, रीतीप्रमाणे. मग माझ्या बाजूला बसले आणि पहिल्यांदा तुझी लावली. स्लाइड मी सरकवली. हिरवा बाण मी नेला, सरळ कोपऱ्यात, मेलेल्या जागेच्या काठावर, आणि तिथे ठेवला. समोरच्या भिंगाला तुझ्या काजळाचा डाग आहे अजून. पुसला नाही मी.

कुंदे, तुकडा तुझाच आहे. घे, बोलले. आता भांड.